नारदाच्या गादीवरून आकाश सांगताना

वाचक माउली, हा लेख लिहावा की न लिहावा, याचा विचार मी बरेच दिवस केला. आपल्याच मंडळींच्या विरोधात लिहायचे म्हटले की हात अडखळतो. पण गेल्या माघात चाळीसगाव तालुक्यातल्या एका गावी सप्ताहाला श्रोता म्हणून बसलो होतो. तेथे जे पाहिले, त्यानंतर गप्प राहणे मला बरे वाटेना.

कीर्तनकार तरुण होते. आवाज गोड, पाठांतर पक्के, पखवाजाशी बोलणे चालावे तसे चाल घेऊन चालणारे. मागे मोठा एलईडी पडदा लावला होता. अभंगाचे पहिले चरण झाले, टाळकऱ्यांनी ठेका धरला आणि पडद्यावर एक चित्र आले. काळ्याभोर आभाळात शेकडो तेजाचे ठिपके. काही पिवळे, काही तांबडे, काही धनुकलीसारखे वाकलेले. महाराज म्हणाले, अमेरिकेने अब्जावधी रुपये खर्च करून दुर्बीण वर पाठवली आणि त्यांना हे दिसले. आमच्या माउलींनी मात्र सातशे वर्षांपूर्वी नेवाशात बसून, डोळे मिटून, हेच पाहिले. अकराव्या अध्यायात सगळे लिहून ठेवले आहे! मंडपात टाळ्या पडल्या. पुंडलिकवरदाचा गजर झाला. मीही हात वर केले, कारण गजर झाला की ते आपोआप वर जातात.

कीर्तन सुटल्यावर एक म्हातारी माउली माझ्याजवळ आली. मला पूर्वीपासून ओळखत असावी. म्हणाली, ‘बाबा, ते काय शे?’ मी म्हटले, माय, ते ताऱ्यांचे पुंजके आहेत, फार फार लांबचे. ‘तठे कोन ऱ्हास?’ मी म्हटले, ते मला माहीत नाही. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले, वर हात जोडले आणि विचारले, ‘सकाय काला कितला वाजता शे?’

खरे सांगतो, त्या दिवशी व्यासपीठावर जे झाले त्यापेक्षा मला तिचे हे तीन प्रश्न अधिक भावले. महाराजांनी अर्धा तास जे सांगितले त्यात ‘मला माहीत नाही’ हे शब्द एकदाही आले नव्हते.

त्या तरुणावर माझा राग नाही. त्याने केले तेच मी त्याच्या आधी केले आहे, आणि ते मला येथे कबूल केलेच पाहिजे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी धुळे तालुक्यात एका गावी माझे कीर्तन होते. कोणीतरी सांगितलेले, कोठेतरी छापून आलेले मी गादीवरून ठोकून दिले, की अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी सूर्याचा आवाज टिपला आणि तो साक्षात ओंकार निघाला. टाळ्या मलाही पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांच्या ओट्यावर चहा घेत होतो, तेव्हा घरची मुलगी आली. नववीत असेल. तिने नमस्कार केला आणि विचारले, महाराज, सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये हवा नाही, मग आवाज इकडे आला कसा? आमच्या पुस्तकात लिहिले आहे की पोकळीतून आवाज जात नाही.

मला उत्तर येत नव्हते. येत नाही असे म्हणायला हवे होते. मी म्हणालो, बाळ, पुस्तकावर ठेवतेस तेवढी श्रद्धा संतांवर ठेव. तिचे वडील हसले, मीही हसलो. ती काही बोलली नाही. पुन्हा पाया पडून आत गेली.

पुढे एका शिक्षकांकडून कळले की सूर्याचा पृष्ठभाग घंटेसारखा कंप पावतो, त्या कंपनांची मोजमापे घेऊन शास्त्रज्ञांनी ती आपल्या कानाला ऐकू येतील अशी करून दाखवली आहेत. एवढे खरे. ओंकार त्यांनी कोठेही म्हटलेला नाही; तो आपण आपल्या घरून नेऊन ठेवला. आणखी काही वर्षांनी तिचे वडील पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात भेटले. मुलीची विचारपूस केली. शिकली, म्हणाले, आता शाळेत विज्ञान शिकवते. कीर्तनाला येते का, असे मी विचारले. ते थोडे घुटमळले. मग म्हणाले, नाही येत महाराज. म्हणते, तिथे खोटे सांगतात.

वाचक माउली, त्या मुलीने ओंकार नाकारला नव्हता, तुकोबाही नाकारले नव्हते. तिने माझे एक वाक्य तपासले होते. ते खोटे निघाले, आणि मग त्याच गादीवरून मी जे खरे सांगत होतो त्यावरचाही तिचा विश्वास उडाला. गाथ्यातला तिचा वाटा माझ्यामुळे बुडाला. हे कर्ज माझ्या डोक्यावर आहे, म्हणून आज लेखणी धरली आहे.

आता त्या चित्राकडे वळू. ते चित्र काय आहे हे नीट समजून घेतले, तर त्याला आपल्या पदरच्या मिठाची गरज नाही.

जेम्स वेब नावाची ही दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी आकाशात गेली. अमेरिका, युरोप आणि कॅनडा यांनी मिळून ती केली आहे. तिचा आरसा साडेसहा मीटर रुंदीचा, सोन्याचा मुलामा दिलेल्या १८ षट्कोनी तुकड्यांचा. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर लांब राहून ती पाहते. तिचे पहिले रंगीत चित्र जगापुढे आले ते ११ जुलै २०२२ रोजी तिकडच्या संध्याकाळी. आपल्याकडे तेव्हा १२ तारखेची पहाट होती. दिवस आठवतात का? कोरोनामुळे दोन वर्षे पायी वारी खुंटली होती, त्यानंतरची ती पहिली मोकळी आषाढी. एकादशी १० जुलैला झाली होती. पौर्णिमेच्या काल्याची वाट पाहत आपण पंढरपुरात होतो. पायांना फोड, गळ्यात बुक्क्याचा वास. आणि त्याच पहाटे ते चित्र आले. मला त्याचा पत्ता आठ दिवसांनी लागला.

हात लांब करून बोटावर वाळूचा एक कण धरावा, तर त्या कणाआड जेवढे आभाळ झाकले जाते तेवढ्याच तुकड्याचे ते चित्र आहे. तेवढ्यात हजारो दीर्घिका आहेत. दीर्घिका म्हणजे आपली आकाशगंगा आहे तसा ताऱ्यांचा अफाट समूह, एकेकीत अब्जावधी तारे. समोरचा जो पुंजका आहे त्याचा प्रकाश तेथून निघाला त्याला ४६० कोटी वर्षे झाली. म्हणजे आपला सूर्य जेमतेम जन्माला येत होता तेव्हाचा तो प्रकाश. वाकलेल्या धनुकल्या दिसतात त्या त्याच्याही पलीकडच्या दीर्घिका. मधल्या पुंजक्याच्या वजनाने त्यांचा प्रकाश वाकून, मोठा होऊन आपल्याकडे येतो. आणि एक गोष्ट गादीवरून कोणी सांगत नाही. ही दुर्बीण पाहते तो प्रकाश बहुतांशी आपल्या डोळ्यांना दिसणारा नाहीच. तो उष्णतेच्या जातीचा आहे. चित्रातले रंग माणसांनी हिशेबाने भरलेले आहेत, म्हणजे आपल्याला भेद कळावा. तेव्हा ‘पाहा देवाने कसे रंग भरले’ असे म्हणताना जरा थांबावे.

हे आकडे ऐकून काही कळत नाही, असे पुष्कळ लोक म्हणतात. मलाही कळत नसे. मग मी वारीचा हिशेब लावून पाहिला. मुक्ताईच्या पालखीबरोबर कोथळीहून पंढरपूरला चालायला महिनाभर लागतो. समजा दिंडी रोज २० किलोमीटर चालली, एकही मुक्काम जास्तीचा नाही. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. तेथे जायला ५२-५३ वर्षे लागतील. तरुणपणी निघालेला वारकरी म्हातारा होऊन पोचेल. सूर्यापर्यंत २० हजार वर्षे. सूर्य सोडला तर सगळ्यात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षे लांब आहे. पृथ्वीचे वय सुमारे ४५० कोटी वर्षे. पृथ्वी झाली त्याच दिवशी दिंडी निघाली असती, तर आज ती त्या जवळच्या ताऱ्यालाही पोचली नसती. अजून १०० कोटी वर्षे चालायचे उरले असते. हा हिशेब मी वहीवर तीनदा केला, मग नातवाकडून यंत्रावर करून घेतला.

आणि त्या चित्रांतल्या दीर्घिका कोठे? गेल्या वर्षी, २०२५ साली, पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी याच दुर्बिणीच्या चित्रांतून एक दीर्घिका शोधून काढली. तिचे नाव त्यांनी अलकनंदा ठेवले. तिचा प्रकाश निघाला त्याला सुमारे १२०० कोटी वर्षे झाली. तेव्हा विश्वाचे वय फक्त दीडशे कोटी होते असे ते सांगतात. एवढ्या कोवळ्या वयात दीर्घिका ओबडधोबड असायला हव्यात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता. पण ही तर दोन सुबक वळणदार भुजांची निघाली. आता तुम्ही पाहा. ती मंडळी काय म्हणाली? म्हणाली, आमचा अंदाज तपासून पाहावा लागेल.

आमच्या गादीवरून हे वाक्य शेवटचे कधी ऐकले, ते मला कोणी सांगावे.

मी पाठशाळेत शिकलो तेव्हा गुरुजींनी पहिला धडा प्रमाणांचा दिला. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द; ज्याचे त्याचे क्षेत्र वेगळे. डोळ्याने गाणे ऐकता येत नाही आणि कानाने रंग दिसत नाही. श्रुती कशात प्रमाण? जे इंद्रियांना आणि तर्काला कळत नाही, त्यात. साक्षात शंकराचार्यांनी गीतेच्या अठराव्या अध्यायावरील भाष्यात म्हटले आहे की, शंभर श्रुतींनी येऊन अग्नी थंड आहे असे सांगितले तरी त्या त्या बाबतीत प्रमाण होत नाहीत. आचार्यांनी हे लिहिले; कोणा नास्तिकाने नाही. अग्नी ऊन आहे की थंड, हे हात लावून कळते. तारा किती लांब आहे हे मोजून कळते. त्यासाठी ज्ञानेश्वरी उघडणे हा ज्ञानेश्वरीचा मान नव्हे. सोन्याच्या ताटाने विहिरीतला गाळ उपसण्याचा तो प्रकार आहे.

संतांच्या वाणीत अनंत ब्रह्मांडे येतात, हे मला ठाऊक आहे. आयुष्यभर तेच गायले. पण माउली ब्रह्मांडे मोजायला बसले नव्हते. देवाला पार नाही, हे सांगायला त्यांनी ब्रह्मांडे वापरली. आई लेकराला ‘आभाळाएवढे प्रेम’ म्हणते, तेव्हा आपण फूटपट्टी काढतो काय? आणि समजा काढली, तर उद्याचे काय? आपल्या महाराष्ट्राचे थोर शास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, कोल्हापुरात जन्मलेले, ज्यांनी पुण्यात आयुका उभी केली, ते आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉइल हे विश्वाला एकच एक आरंभ नाही असे मांडत आले. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी महास्फोटाची बाजू घेतली. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. शेवटपर्यंत त्यांनी आपला प्रश्न सोडला नाही, आणि समोरच्यांनीही त्यांचा मान सोडला नाही. आता मला सांगा, आमच्यातले एक महाराज सांगतात की महास्फोट आमच्या ग्रंथात आहे. दुसरे सांगतात की विश्व अनादि आहे हे आमच्या ग्रंथात आहे. दोघांनाही टाळ्या. उद्या शास्त्राने यातला एक पक्ष सोडून दिला, तर त्याच्या शेपटीला बांधलेली ज्ञानेश्वरीही तुम्ही सोडून देणार का? संतांना दुसऱ्याच्या गाडीच्या मागे बांधू नका. ती गाडी वळणार आहे. वळणे हाच तिचा धर्म आहे.

अलकनंदेचे नाव आल्यावर माझ्या फोनवर जो निरोप आला, तो तर फारच गमतीचा होता: पाहा, शास्त्रज्ञांना आमची पवित्र नदी आकाशात सापडली! अरे बाबा, नाव त्यांनी ठेवले. हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात, म्हणून तिच्या बहिणीचे नाव या दीर्घिकेला दिले. एका भारतीय मुलीने कष्टाने शोध लावला याचा आनंद करायचा सोडून आपण तिच्या कष्टावर आपला शिक्का मारायला धावलो.

यावर एक आक्षेप हटकून येईल, म्हणून आधीच घेतो. तरुण कीर्तनकार म्हणतील, बाबा, मुले मंडपात येत नाहीत; पडदा लावला, चित्र दाखवले, की चार पोरे बसतात. आम्ही विज्ञानाची भाषा बोललो नाही तर पिढी हातची जाईल. त्यांची काळजी खोटी नाही. रिकाम्या मंडपात कीर्तन करण्याचे दुःख मी जाणतो. चित्र जरूर दाखवा. पण दाखवून खरे सांगा. खोट्यावर आलेले पोर खोटे उघडे पडताच उठून जाते, आणि पुन्हा येत नाही. माझ्याकडे त्याचा पुरावा आहे, वर सांगितला.

दुसऱ्या टोकाची मंडळीही सोडून चालणार नाही. माझ्या पुतण्याचा मुलगा पुण्यात संगणकाच्या कामात आहे. त्याने ते चित्र मला पाठवले आणि खाली लिहिले, आजोबा, एवढ्या पसाऱ्यात तुमचा विठोबा एका विटेवर काय करतोय? मुलगा गुणी आहे, थट्टेत लिहिले. पण प्रश्न थट्टेचा नाही. विश्व मोठे म्हणून माणूस क्षुद्र आणि त्याची भक्ती खुळी, असे आता पुष्कळ शिकलेले लोक मानतात. मोठेपणा लांबीरुंदीवर ठरतो, हे यांना कोणत्या दुर्बिणीतून दिसले? तसे असते तर सातपुड्याला आपण आईपेक्षा अधिक मान दिला असता.

हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. भागवताच्या दशम स्कंधात यशोदेने कृष्णाला तोंड उघडायला लावले, ते माती खाल्ली का हे पाहायला. आत तिला चंद्र, सूर्य, तारे, दिशा, सगळे दिसले. गोकुळ दिसले, ती स्वतःही दिसली. ती भांबावली. मग काय झाले? ती ते सारे विसरली आणि पोराला उचलून मांडीवर घेतले. कथा लिहिणाऱ्याला विश्वाचा आकार ठाऊक नव्हता म्हणून त्याने हे लिहिले नाही. विश्व दाखवून झाल्यावर त्याने मांडी दाखवली आहे. आणि अर्जुन? त्याने तर स्वतः हट्ट धरून विश्वरूप मागितले, त्यासाठी दिव्य दृष्टी मिळाली, आणि पाहिल्यावर अंगाला कंप सुटला. हात जोडून म्हणाला, ते नेहमीचे रूप दे. अकराव्या अध्यायाच्या आरंभी माउली सांगतात की शांतरसाच्या घरी अद्भुतरस पाहुणा आला आहे. पाहुण्याला मान द्यावा, पाट द्यावा, गोड जेवू घालावे. घर मात्र शांतरसाचेच. अकराव्या अध्यायाचे नाव घेऊन दीर्घिकेचे चित्र दाखवणाऱ्याने अध्याय शेवटपर्यंत वाचावा. अर्जुन त्या दृश्यात रमला नाही. तेथून परत आला, म्हणून गीता पुढे सात अध्याय चालली.

तेव्हा पोराला मी उत्तर पाठवले: तो विटेवर उभा आहे, कारण आम्हाला तेवढ्याच उंचीवर पाय सापडतात. त्याने हसण्याचे चित्र पाठवले. पुढच्या आषाढीला येतो म्हणाला आहे. पाहू.

आता खानदेशाच्या लोकांना एक गोष्ट विचारतो. पाटणादेवीला आपण नवरात्रात जातो. चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या कुशीत, हेमाडपंती देऊळ. तेथल्या शिलालेखापुढे किती जण उभे राहिले? मी स्वतः तीस वर्षे त्याच्यावरून नजर न टाकता देवीपुढे गेलो. तो लेख शके ११२८ चा, म्हणजे १२०७ सालचा. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारी ज्योतिषी, याने पाटणला एक मठ काढला. कशासाठी? आजोबांचा सिद्धांतशिरोमणी आणि इतर ग्रंथ शिकवण्यासाठी. (हा चांगदेव वेगळा; तापी-पूर्णेच्या संगमावरचे, मुक्ताईने ज्यांना शहाणे केले ते योगी चांगदेव निराळे. दोन्ही खानदेशातच, म्हणून घोटाळा होतो.) निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिले, श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी. लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे, ज्ञानेश्वरीच्याही ऐंशी वर्षे आधीच्या मराठीत. त्यात काय आहे? बाजारात गिऱ्हाइकांकडून राजाला जो कर मिळायचा तो मठाला दिला. तेलाच्या दर घाण्यामागे पळीभर तेल मठाला दिले.

थांबून विचार करा, माउली. ८०० वर्षांपूर्वी पाटणच्या बाजारात मीठमिरची घेणाऱ्या बाईच्या पैशातून आकाशाचे गणित शिकवले जात होते. घाणेवाल्या तेल्याच्या पळीभर तेलावर रात्री दिवा लागत असेल आणि त्या उजेडात कोणी पोर ग्रहणाचा हिशेब मांडत असेल. आणि ते दान चंद्रग्रहणाच्या रात्री दिलेले! भास्कराचार्यांचा जन्म पाटणचाच की दुसरीकडचा, यावर पंडितांत वाद आहे. शिलालेखाविषयी वाद नाही.

आणि शिकवत काय होते? भास्कराचार्य शके १०३६ मध्ये जन्मले, छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धांतशिरोमणी लिहिला. त्यातल्या गोलाध्यायात ते विचारतात, पृथ्वीला कोणी मूर्तिमंत उचलून धरले असेल तर त्याला कोणी धरले? त्या धरणाऱ्याला कोणी? शेवटी कोणीतरी आपल्याच शक्तीने टिकायला हवे, मग पृथ्वीच का नको? मेरू पर्वताच्या आड सूर्य जातो म्हणून रात्र होते असे म्हणणाऱ्यांना ते विचारतात, मग मध्ये आलेला तो पर्वत दिसत का नाही? ग्रहणात त्यांनी राहूला शास्त्राच्या मानाखातर पृथ्वीच्या छायेत बसवले, पण गणित केले ते छायेचे. ग्रंथाच्या आरंभी देवाला नमस्कार आहेच. या माणसाची भक्ती त्याच्या प्रश्नांना भ्यायली नाही, आणि त्याने देवाला पुरावा म्हणून कोठे उभे केले नाही.

आपल्या पूर्वजांना आकाशाचे ज्ञान होते, हे सिद्ध करायला तुम्ही अमेरिकेच्या दुर्बिणीची साक्ष काढता. अहो, पुरावा चाळीसगावपासून हाकेच्या अंतरावर दगडात कोरलेला आहे! पण तो दगड टाळ्या देत नाही. तो विचारतो, तुमच्या गावच्या बाजारातून आज कोणत्या शाळेला पळीभर तेल जाते?

सप्ताहाचा खर्च मी पाहिला आहे. मंडप, पडदा, जनरेटर, ध्वनिक्षेपक, सात दिवसांचे जेवण, आम्हा महाराजांची बिदागी. बिदागी मीही घेतली, वाढवूनही मागितली. तेव्हा सोवळेपणा करणार नाही. पण देवळाच्या कळसावर हायमास्टचा दिवा आला आणि गावातून आकाशगंगा नाहीशी झाली, हे तुमच्या ध्यानात आले का? माझ्या लहानपणी दिंडीच्या मुक्कामी, शेतात, तळावर पडलो की ती डोक्यावर दुधाच्या ओहळासारखी दिसे. कोणी म्हातारा वारकरी बोटाने मृग, रोहिणी, सप्तर्षी दाखवी. आज मंडपातला पोरगा पडद्यावर दीर्घिका पाहतो आणि मंडपाबाहेर मान वर केली तर त्याला दिव्याभोवतीचे किडे दिसतात.

एक दीर्घिका उघड्या डोळ्यांनी दिसते, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळले. देवयानी नाव तिचे. २५ लाख प्रकाशवर्षे लांब. अंधाऱ्या रात्री, चंद्र नसताना, पौष महिन्यात दिवेलागणीनंतर वायव्येला बरीच वर पाहावे. पुसट कापसाच्या बोंडासारखा एक डाग दिसतो. मी तो पाटणादेवीच्या वाटेवर पाहिला, शेजारी एका शिक्षकांनी बोट धरून दाखवला म्हणून. त्या डागात काहीच विशेष नाही. रंग नाही, धनुकली नाही. पण तो प्रकाश २५ लाख वर्षे चालून माझ्या, मोतीबिंदू काढलेल्या, डोळ्यात आला होता. माझ्या तोंडून आपोआप विठ्ठल आले. ते मी कोणाला पटवून देण्यासाठी म्हटले नव्हते.

आमच्या गावच्या मंडळींपुढे मी एक गोष्ट ठेवली आहे. येत्या पौषात अमावास्येला धरून सप्ताह येतो. एके दिवशी हरिपाठ झाल्यावर, कीर्तनाला उभे राहण्याआधी, अर्धा तास गावचे सगळे दिवे मालवायचे, देवळाचासुद्धा. फक्त समई ठेवायची. लोकांनी मंडपाबाहेर मोकळ्यावर बसायचे आणि शाळेच्या मास्तरांनी आकाश दाखवायचे. गादीवरून त्या अर्ध्या तासात कोणी बोलायचे नाही, मीही नाही. काही जणांनी नाके मुरडली. अंधारात चपला जातील म्हणाले. तो प्रश्न खरा आहे, त्यासाठी दोन स्वयंसेवक नेमले आहेत. जनरेटरवाल्याला सांगून ठेवले आहे. मंडपाच्या वर्गणीतून शाळेला एक लहानशी दुर्बीण घेण्याचे अजून ठरायचे आहे. त्यावर वाद चालू आहे आणि मी तो सोडणार नाही.

त्या धुळे तालुक्यातल्या यजमानांना मी निरोप धाडला आहे, की आकाश दाखवायला तुमच्या लेकीने यावे, आणि सूर्याच्या आवाजाबद्दल तेव्हा काय चुकले ते मी तिच्यासमोर, त्याच गादीवरून, सांगेन. अजून उत्तर आलेले नाही.

रामकृष्णहरी.